नागपुरात भेदभाव झाला तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नागपुरातले काही वकील, शिक्षक आणि कार्यकर्ते मिळून लोकांना तक्रार लिहायला आणि योग्य कचेरी शोधायला मदत करतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. कायदा जिथं पाठीशी आहे तिथं तसं लिहिलंय आणि जिथं तो हात देत नाही तिथंही स्पष्ट लिहिलंय. खोट्या आशेवर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले तर माणसाचं दुप्पट नुकसान होतं.

हे तर दीक्षाभूमीचं शहर. इथं अजून भेदभाव होतो का?

होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना सोबत घेऊन याच शहरात धम्मदीक्षा घेतली. आणि याच शहरात आजही आडनाव सांगताक्षणी रिकामी खोली "कालच गेली" अशी होते.

हे शहर कधीच एका समाजाचं नव्हतं. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं ते वसवलं, भोसल्यांनी वाढवलं, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि रेल्वेमागोमाग चारी दिशांनी माणसं आली. इतवारीत मारवाडी आणि बोहरा, मोमिनपुऱ्यात विणकर, जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी, महाल आणि गोळीबार चौकाकडे हलबा-कोष्टी, उत्तर नागपुरात इंदोऱ्याचा परिसर. शेजार जुना आहे, पण ताटाला ताट लावून बसणं सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा सुशिक्षित बायांच्या त्या मेळाव्यातही दलित स्त्रियांना जेवायला वेगळं बसवलं गेलं. त्यांत मुलींसाठी चोखामेळा शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी होत्या. त्यांनी ते मुकाट्यानं सोसलं नाही, निषेध केला. पुढं जुलै १९४२ मध्ये दलित स्त्रियांनी नागपुरातच स्वतःची परिषद घेतली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकाहून अधिक बायका करायला बंदी, गिरणीत काम करणाऱ्या बायांना रजा, कायदेमंडळात राखीव जागा असे ठराव त्यांनी केले. या शहराचा खरा वारसा या ठरावांत आहे, असं आम्हाला वाटतं.

भेदभाव नेमका कशाला म्हणायचं?

प्रत्येक अन्याय म्हणजे भेदभाव नसतो. मालक सगळ्याच कामगारांना कमी पैसे देत असेल तर ती पिळवणूक आहे, तिचा कायदा वेगळा. तुमची जात, धर्म, लिंग, जन्मस्थान, अपंगत्व, आजार यांपैकी कशामुळे तुम्हाला इतरांहून वेगळं वागवलं, तर तो भेदभाव.

तो दर वेळी उघड नसतो. "फक्त शाकाहारी कुटुंबाला" ही अट जात आणि धर्म दोन्ही गाळण्यासाठी वापरली जाते, हे नागपुरात खोली शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. रिसेप्शनच्या नोकरीसाठी "गोरी, दिसायला छान" मुलगी मागणं हाही तोच प्रकार. कार्यालयाच्या दारात चार पायऱ्या असतात, उतार नसतो, आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस बाहेरच राहतो. त्याला कुणी "येऊ नका" म्हटलेलं नसतं, तरी त्याचा हक्क गेलेला असतो.

संविधान आहे ना, मग वेगळे कायदे कशाला?

कलम १४, १५ आणि १६ मुख्यतः सरकारला बांधतात. कलम १७ अस्पृश्यता संपवतं आणि ते प्रत्येकाला लागू आहे. कलम १५ च्या दुसऱ्या भागानुसार दुकान, हॉटेल, विहीर, घाट, रस्ता अशा जागी कुणी खासगी माणूससुद्धा जात-धर्म बघून अडवू शकत नाही. पण खासगी घरमालक आणि खासगी कंपनी यांच्याबाबत संविधानाची सरळ पकड सैल पडते. ती जागा वेगवेगळ्या कायद्यांनी तुकड्या-तुकड्यांत भरली आहे, आणि अजून सगळी भरलेली नाही.

खोली किरायानं देताना घरमालकानं जात किंवा धर्म विचारून नकार दिला. तक्रार करता येते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी समाधान देणारं उत्तरही याचंच.

जात-धर्मावरून किरायेदार नाकारणाऱ्या खासगी घरमालकाला थेट शिक्षा करील असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोग नेमायची शिफारस केली. २००८ मध्ये प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं त्याचा मसुदाही तयार केला. त्याचा कायदा झाला नाही. त्या न झालेल्या कायद्याची किंमत परगावाहून नागपुरात शिकायला आलेली मुलं दर जून-जुलैमध्ये खोल्या शोधताना मोजतात.

तरी हात अगदीच बांधलेले नाहीत. अस्पृश्यतेच्या भावनेतून एखाद्याला वस्तीत राहायला अडवणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद, आणि दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम वाचून वाईट वाटतं, पण गुन्ह्याची नोंद होते आणि तिला वजन असतं. नकार देताना अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर अत्याचार प्रतिबंध कायदा (ॲट्रॉसिटी) लागतो.

आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एचआयव्ही असलेली व्यक्ती आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना घर किरायानं देण्याबाबत भेदभाव करायला कायद्यानं थेट मनाई आहे. म्हणजे संसदेला असं लिहिता येतं. जात आणि धर्माबाबत तिनं अजून लिहिलेलं नाही.

तोवर काय करायचं? नकार आला की दिनांक, पत्ता, दलालाचं नाव आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीसाठी फोन करायला सांगा. खोली त्याच्यासाठी मोकळी निघाली, तर तुमच्या मनातली शंका पुराव्याजवळ जाते. ऑनलाइन जाहिरातीतच समाजाचं नाव घालून अट टाकली असेल तर तिचा फोटो काढून संकेतस्थळाकडे तक्रार करा.

फ्लॅट विकत घेतोय, पण सोसायटी सदस्य करून घेत नाही.

इथं जोर जास्त आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते आणि सबळ कारणाशिवाय सदस्यत्व नाकारू शकत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार आला तर तो लेखी मागा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे दाद मागा. "आमच्यात असं चालत नाही" हे सबळ कारण नव्हे.

मात्र एक निकाल माहीत असावा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारी उपविधी (संस्थेचा स्वतःचा नियम) मान्य केली. त्यामुळं सोसायटीची नोंदणीकृत उपविधी आधी मागवून वाचा. बहुतेक लेआऊटमधल्या सोसायट्यांच्या उपविधीत अशी अट नसते. ती सचिवाच्या बोलण्यात असते.

जातीवरून शिवी दिली. ॲट्रॉसिटी लागते का?

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लागू होण्यासाठी तीन गोष्टी बघतात. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे आहात. शिवी देणारा त्यातला नाही. आणि प्रकार लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी घडला. बंद खोलीत, कुणी तिसरा नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं. म्हणून ऐकणारे कोण होते ते सर्वांत आधी आठवा. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, ही गोष्ट २०१८ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्ट लिहिली. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं असतो. शहरात तो दर्जा सहायक पोलीस आयुक्तांचा. तपासाला साठ दिवसांची मुदत आहे. गुन्ह्याच्या प्रकारानुसार पीडिताला ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य ठरवलेलं आहे आणि ते टप्प्याटप्प्यानं मिळतं. त्याचा पाठपुरावा श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याण कार्यालयाकडे करायचा.

जातीचा दाखला हाताशी नाही म्हणून तक्रारच घ्यायची नाही, असं कायदा म्हणत नाही. पुढं तो लागतोच, म्हणून अर्ज लगेच करून ठेवा.

आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला हा कायदा लागतो का? आणि ख्रिस्ती झालेल्यांना?

बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळं लागतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती किंवा मुस्लीम झालेल्यांना तो दर्जा नाही. हा अन्याय आहे असं आम्ही मानतो, पण आजचा कायदा असा आहे. अनुसूचित जमातीसाठी धर्माची अशी यादी नाही.

पोलीस ठाण्यात तक्रारच घेत नाहीत.

ठाणेदार "साधा अर्ज द्या, बघू" म्हणतात. अर्ज आणि एफआयआर यांत फरक आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. "आमच्या हद्दीत येत नाही, हिंगण्याला जा" हे उत्तर आता चालत नाही.

तरीही नकार आला तर पायऱ्या अशा. आधी पोलीस आयुक्तांना रजिस्टर्ड पोस्टानं लेखी तक्रार पाठवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोस्टाची पावती फाईलला लावा, तिच्यावाचून पुढची पायरी डळमळते. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकराला अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ४ नुसार शिक्षा होऊ शकते. हे कलम अर्जात शांतपणे, एका ओळीत लिहा. भांडून जे होत नाही ते पुष्कळदा त्या एका ओळीनं होतं. याच कायद्याखालच्या तक्रारींसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तातडीच्या वेळी ११२.

खासगी कंपनीनं आडनाव बघून मुलाखतीतूनच काढलं.

सरकारी नोकरीत कलम १६ आहे, न्यायालयात जाता येतं. खासगी नोकरीच्या निवडीत जात-धर्म बघायला सरळ मनाई करणारा सर्वसाधारण कायदा नाही. किरायाच्या घरासारखीच ही पोकळी आहे. मिहान असो की बुटीबोरी, नागपूरजवळच्या या उद्योगवसाहतींत आधी कंपनीचं स्वतःचं धोरण तपासा. अनेक मोठ्या कंपन्यांनी भेदभावविरोधी धोरण जाहीर केलेलं असतं आणि तक्रारीची सोय ठेवलेली असते. तिथं लेखी तक्रार गेली की उत्तर द्यावं लागतं. वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांगांसाठी समान संधी धोरण करणं दिव्यांग कायद्यानं बंधनकारक आहे, त्याची प्रत मागा.

ठिय्यावर (मजुरांच्या नाक्यावर) माणसाला जास्त आणि बाईला कमी मजुरी देतात. हे कायदेशीर आहे का?

नाही. एकाच किंवा सारख्याच कामासाठी स्त्रीला कमी मजुरी देता येत नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे. विटा आणि रेती डोक्यावर वाहणारी बाई "हलकं काम" करते, असं म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तिच्यासोबत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून बघावं. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करता येते. एकटीनं जाऊ नका, त्या ठेकेदाराकडच्या तिघी-चौघींनी मिळून सही करा. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून आलेल्यांनाही. ती नोंद पुढं पुरावा म्हणूनही कामी येते.

मी घरकाम करते. कप वेगळा ठेवतात, सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत.

ताई, तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल आणि त्यामुळं भांडी वेगळी असतील, तर ती अस्पृश्यताच आहे. घरात होते म्हणून तिचं नाव बदलत नाही. लिफ्टबाबत सोसायटीनं लेखी ठराव केला असेल तर त्याची प्रत किंवा फोटो मिळवा. काम सुटेल ही भीती खरी आहे, आम्ही ती हलक्यानं घेत नाही. म्हणून एकटीनं बोलण्यापेक्षा संघटनेमार्फत बोलणं बरं. रूपाताई कुलकर्णी-बोधी यांनी उभी केलेली विदर्भ मोलकरीण संघटना याच शहरातली आहे. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, त्यामागं अशा संघटनांची कित्येक वर्षांची लढाई आहे.

घरमालक किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी लैंगिक छळ केला तर २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तुमच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात तिची माहिती मिळते. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते.

मुलाला सिकलसेल आहे. शाळेत, नोकरीत, लग्नात सगळीकडे अडतं. त्याला काही हक्क आहेत का?

आहेत. आणि विदर्भात हा प्रश्न इतका घरोघरी आहे की याला जरा जास्त जागा देतो.

नागपूर आणि पूर्व विदर्भातल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागास समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. संपत रामटेके यांनी या शहरातून या रुग्णांसाठी आयुष्यभर काम केलं. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणाचं प्रमाणपत्र मिळालं की उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत तपासणी होते.

पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत हे रक्ताचे आजार नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गट आहेत, सिकलसेल नाही. म्हणजे शिकायला जागा दिली आणि नोकरीच्या दाराशी हात सोडला. ज्या आजारात वेदनेचा झटका आला की पोराला आठवडाभर दवाखान्यात राहावं लागतं, त्याच्यासाठी हे दार बंद ठेवण्याचं पटणारं कारण आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. ही मागणी दर हिवाळी अधिवेशनात लावून धरण्यासारखी आहे.

शाळेत मात्र आजपासून मागता येतील अशा गोष्टी आहेत. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणं, लघवीला जाताना न अडवणं, भर उन्हात कवायतीला उभं न करणं, झटक्यामुळं बुडालेल्या दिवसांचा अभ्यास भरून देणं. मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज द्या. मूल कामचुकार आहे असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका.

लग्नाबाबत एक समजून घ्या. रुग्ण वेगळा, वाहक वेगळा. वाहकाला सहसा काही त्रास नसतो आणि त्याच्यात काही "खोट" नसते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी. फक्त मुलीचा रिपोर्ट मागणं हा आणखी एक भेदभाव.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं. काढून टाकतील का?

नाही. सरकारी आस्थापनेला त्या कारणानं कामावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनात घ्यावं लागतं. दाद राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे मागता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, अर्ज टपालानं जातो. कुष्ठरोग बरा झालेल्या व्यक्तीही याच कायद्याच्या संरक्षणात येतात. आनंदवन ज्या विदर्भात उभं राहिलं तिथं हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आरटीईतून प्रवेश मिळाला, पण शाळा मुलांना वेगळं बसवते.

बेकायदेशीर आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना देतो (अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत). वेगळा वर्ग, वेगळी वेळ, सहलीतून वगळणं, यांतलं काहीही चालत नाही. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे लेखी तक्रार करा. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला. पालकांनी एकत्र येऊन काय होतं, त्याचं हे ताजं उदाहरण.

जात पडताळणीत मुलीचं प्रवेशाचं वर्ष जातंय.

नागपुरात हा फार दुखरा विषय आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचे जीव गेले. झिरो माईलजवळचं त्यांचं स्मारक रोज हजारो लोक ओलांडतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवारी आणि अनुसूचित जमातींच्या यादीतले गोंड-गोवारी एक नाहीत, असा निकाल दिला. हलबा-कोष्टींबाबतही २००० साली निकाल विरुद्ध गेला. त्या निकालांवर इथं वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की कोणत्या प्रवर्गातून अर्ज करायचा हे आडाख्यानं ठरवू नका. चुकीचा दावा अमान्य झाला तर मिळालेली जागा किंवा नोकरी जाते.

बाकी कामाचं असं: अकरावी-बारावीतच अर्ज करा. वडील, काका किंवा आत्या यांच्याकडं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी जोडा, त्याला मोठं वजन आहे. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, जुना कोतवाल पंजी (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही), महसुली नोंदी शोधा. अनुसूचित जमातीचे दावे गिरीपेठेतल्या आदिवासी विकास भवनात बघतात.

तृतीयपंथी म्हणून दवाखान्यात रांगेतून हाकललं.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींचे समान हक्क मान्य केले आणि २०१९ च्या कायद्यानं शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा आणि घर यांत भेदभावाला मनाई केली. दवाखान्याच्या अधीक्षकांना लेखी तक्रार द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो, त्याचं नाव विचारा. नेमलेलाच नसेल तर तेही तक्रारीत लिहा. नागपुरात सारथी ट्रस्ट या समूहासोबत बरीच वर्षं काम करतो आहे.

समाजानं वाळीत टाकलं, जातपंचायतीनं दंड मागितला.

दंड भरू नका, पोलिसांत जा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आंतरजातीय लग्न, विधवेचं लग्न, पंचांविरुद्ध कोर्टात जाणं, कारण काहीही असो. हा कायदा कोणत्याही जातीच्या आणि धर्माच्या माणसाला लागू आहे.

आम्ही पारधी आहोत. चोरी कुठंही झाली की आधी आमच्याच बेड्यावर (वस्तीवर) पोलीस येतात.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, संशय मात्र मागं राहिला. अटक करताना कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं हे तुमच्या बाबतीतही तितकंच बंधनकारक आहे. बेड्यावरच्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक असू द्या. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जात बघून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरण्यावरही ताशेरे ओढले.

आरक्षण हाच भेदभाव नाही का?

नाही. असमान माणसांना एकाच रेषेवर उभं करून शर्यत लावणं याला समान संधी म्हणत नाहीत. १९७५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की मागासांसाठीची तरतूद हा समानतेला अपवाद नसून समानतेचाच भाग आहे. खुल्या प्रवर्गातल्या गरिबांसाठी २०१९ पासून दहा टक्के आहेत. महाराष्ट्रात अनाथ मुलांसाठीही एक टक्का समांतर आरक्षण आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जरूर सांगा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आधार, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि असतील तेवढे कागद घेऊन जा.

पुरावा काय काय ठेवायचा?

घटनेच्या दिवशीच तारीख, वेळ, जागा, शब्द आणि हजर माणसं लिहून काढा. शब्द सभ्य करून लिहू नका, जसे होते तसेच लिहा. मेसेज डिलीट करू नका. रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये झालं तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कारण न्यायालयात त्याबाबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनानंतर त्याच दिवशी एक छोटं पत्र द्या: "आज आपण असं म्हणालात." अर्ज पडून राहिला तर माहितीच्या अधिकारात त्याचं काय झालं ते विचारा.

माझ्यासोबत काही झालं नाही, पण मी पाहिलं. मी काय करू?

आधी ज्याच्यावर बेतलं त्याला विचारा, त्याला काय हवंय. त्याच्या वतीनं परस्पर व्हिडिओ टाकू नका. तक्रार करायचं ठरलं तर आपलं नाव आणि फोन नंबर साक्षीदार म्हणून द्या. बहुतेक प्रकरणं साक्षीदार मागं हटल्यानं पडतात, आणि ते घाबरतात यात नवल नाही. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५अ मध्ये साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि भत्ता मागण्याचा हक्क आहे. तो मागायचा असतो, आपोआप मिळत नाही. अर्ज विशेष न्यायालयात करायचा, आणि तो लिहून द्यायला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो.